काँटेसा १.८ ला घरच्या शेडमध्ये टर्बो: १५० चा आकडा आधी बाजूला ठेवा

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरातली १९९३ ची काँटेसा क्लासिक, इसुझूचे १.८ पेट्रोल इंजिन, गाडी चालू. घरामागे शेड आहे, चेन ब्लॉक आहे, वेल्डिंग येते. ताकद १५० बीएचपी (हॉर्सपॉवर) पाहिजे. भंगारात एका डिझेल एसयूव्हीचा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) स्वस्तात मिळतोय. तो याच इंजिनाला लावावा, की टर्बो असलेले दुसरे इंजिनच टाकावे? कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा जुना भाग) तसाच ठेवला तर चालेल का? आणि खर्च कसा येईल?

उत्तर आधी सांगतो, कारणे मागून. मूळ इंजिन ठेवा. डिझेलचा टर्बो घेऊ नका. कार्ब्युरेटर काढा. बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब, पहिल्या टप्प्यात ०.५ बारच्या वर नेऊ नका. त्यात तुम्हाला १५० नव्हे, ११५ ते १२० बीएचपी मिळतील. खरा प्रश्न टर्बो कुठला हा नाहीच. टर्बो हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे, चार बोल्टांनी बसतो. तीस वर्षे जुन्या इंजिनात जास्तीची हवा शिरली की तिच्या मापाने पेट्रोल, नेमका स्पार्क, थंड तेल आणि पुरेसे ब्रेक मिळतात की नाही, यावर गाडी टिकते की पिस्टन फुटते ते ठरते.

दुसरे इंजिन का नको

कागदावर हा मार्ग आकर्षक दिसतो, कारण कारखान्यातून टर्बोसकट आलेले इंजिन सगळी गणिते सोडवून आलेले असते. अडचण जागेची आणि दिशेची. आपल्याकडे सहज मिळणारी छोटी टर्बो पेट्रोल इंजिने, म्हणजे मारुतीचे बूस्टरजेट, फोक्सवॅगनचे टीएसआय, टाटाचे रेव्होट्रॉन, ही पुढची चाके ओढणाऱ्या गाड्यांत आडवी बसतात. काँटेसात इंजिन उभे आणि जोर मागच्या चाकांना. म्हणजे गिअरबॉक्सशी जुळणारी अॅडॉप्टर प्लेट, वेगळे फ्लायव्हील, बदललेला तेलाचा चेंबर, नवे माउंटिंग. उभे बसणारे एक चांगले उदाहरण म्हणजे २०२० च्या थारमधले महिंद्राचे २.० लिटर टर्बो पेट्रोल, १५० पीएस (बीएचपीच्या जवळपासचे एकक). पण त्याचा ईसीयू (इंजिनाचा संगणक) किल्लीतला कोड, अॅक्सिलरेटरचा इलेक्ट्रॉनिक पेडल, मीटर यांच्याशी सतत बोलत असतो. त्यातला एक जरी गप्प बसला तरी इंजिन सुरू होत नाही किंवा अर्ध्या ताकदीवर चालते. घरच्या शेडमध्ये असे प्रकल्प बहुतेक वेळा वायरिंगपाशी अडकतात आणि गाडी ताडपत्रीखाली जाते.

उलट तुमच्याकडचे ४झेडबी१ हे इंजिन साधे आणि दणकट आहे. ८४ मिमी बोअर, ८२ मिमी स्ट्रोक, १८१७ सीसी. याच घराण्यातल्या दोन लिटरच्या ४झेडसी१ ला इसुझूने १९८० च्या दशकात कारखान्यातच टर्बो लावून पियाझात विकले होते. त्यात कॉम्प्रेशन (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) मुद्दाम कमी ठेवले होते, हे मात्र लक्षात ठेवा. त्यावर पुढे येतो.

कायद्याचे आधी बोलून घेऊ

हा भाग कंटाळवाणा आहे, पण पैसे खर्च करण्याआधीचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि २०१९ च्या सुधारणेनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दुसरे इंजिन टाकले की आरसीवरचा इंजिन क्रमांकच खोटा ठरतो. मूळ ब्लॉक ठेवला तर निदान तो प्रश्न येत नाही, पण टर्बोसाठीही आरटीओकडे आधी लेखी विचारणा करा आणि विमा कंपनीला कळवा. अपघातानंतर सर्व्हेयरने बॉनेट उघडल्यावर कळवणे उपयोगाचे नसते.

आणखी एक गोष्ट फारसे कोणी ध्यानात घेत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात असावी लागते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. तुमची गाडी १९९३ ची, म्हणजे २०४३ मध्ये हा दरवाजा उघडेल. म्हणून ब्लॉकला, चॅसिसला, फायरवॉलला कायमचे कापू नका. मूळ मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्यूटर तेल लावून, गुंडाळून, चिठ्ठी लावून ठेवा. पुढचे सगळे काम उलटे फिरवता येईल अशा बेताने सुचवतो आहे.

१५० साठी किती हवा लागते

हिशोब करून बघा. १८१७ सीसीचे चार-स्ट्रोक इंजिन ५,००० आरपीएमला मिनिटाला साधारण ४,५४० लिटर जागा भरू शकते. दोन व्हॉल्व्हच्या जुन्या हेडमध्ये त्यातले ८० टक्के भरते असे धरू. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, हवेचा दाब सुमारे ०.९५ बार, उन्हाळ्यात ३५ अंश. मिळून मिनिटाला ३.९ किलो हवा. पेट्रोल इंजिनात एवढ्या हवेतून ८५ च्या आसपास बीएचपी निघतात, आणि नवीन असताना या इंजिनाचा आकडा तिथेच होता.

आता ०.५ बार बूस्ट दिले तर दाबाचे गुणोत्तर सुमारे १.५३. दाबली की हवा तापते: ३५ अंशांची हवा कॉम्प्रेसरमधून ९५ अंशांवर बाहेर येते. बरा इंटरकूलर (ही हवा थंड करणारा रेडिएटर) ती ५३-५५ अंशांपर्यंत उतरवतो. सगळे धरून हवेचे वजन १.४ पट होते, म्हणजे मिनिटाला ५.५ किलो, ११५ ते १२० बीएचपी. याच रीतीने १५० पर्यंत जायचे तर ०.९ बार लागतात, आणि तिथे हवा कॉम्प्रेसरमधून १३० अंशांवर निघते. तो खेळ फोर्ज्ड (घडीव, जास्त मजबूत) पिस्टनचा, वेगळ्या क्लचचा आणि वेगळ्या बजेटचा आहे. मूळ ओतीव पिस्टनांवर तो खेळू नये.

उघडण्याआधी मोजमाप

इथून पुढचे सगळे तुमच्या इंजिनाच्या आजच्या तब्येतीवर अवलंबून आहे, आणि ती मला इथून दिसत नाही. म्हणून या चाचण्या आधी करा. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवा. प्रत्येक सिलिंडरला ११-१२ बार दाब आणि चारांतला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर तेल घालून परत घ्या. आकडा चढला तर रिंगा गेल्या, जिथल्या तिथे राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. मग लीक-डाउन चाचणी, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून किती गळते ते बघणे. १५ टक्क्यांपेक्षा जास्त गळती असेल तर बूस्ट विसरा, आधी इंजिन बांधा. गरम तेलाचा दाब मूळ दिव्यावर न विसंबता गेज लावून बघा: आयडलला निदान १ बार, ३,००० आरपीएमला ३.५ च्या आसपास.

जे इंजिन आजच ऑइल फिलरमधून धूर सोडते, ते टर्बो लावल्यावर डिपस्टिक बाहेर फेकते. यात अतिशयोक्ती नाही. रिंगांवरून खाली उतरणारा वायू बूस्टमध्ये कितीतरी वाढतो.

हेड काढलेच तर कॉम्प्रेशन प्रत्यक्ष मोजा. तीस वर्षांत हेड किती वेळा फेस झाले (घासून सपाट केले) हे कोणालाच माहीत नसते, आणि प्रत्येक फेसिंगने कॉम्प्रेशन वाढलेले असते. हेड उलटे ठेवा, प्लग आणि व्हॉल्व्ह बसवा, अॅक्रिलिकच्या तुकड्याला छिद्र पाडून ग्रीसने चिकटवा आणि बुरेटने (द्रव मोजणाऱ्या नळीने) चेंबर भरा. त्यात गॅस्केटचा आणि पिस्टनच्या वरच्या खळग्याचा आकार मिळवा. एका सिलिंडरची फिरती जागा ४५४ सीसी. एकूण मोकळी जागा ५७ सीसी आली तर कॉम्प्रेशन ९ ला १. ६३ आली तर ८.२ ला १. आपल्याला ८ ते ८.५ च्या मधले हवे.

९ चे ८.२ करायला साधारण ६ सीसी जागा वाढवावी लागते. जाड गॅस्केट घातले की झाले, असे बरेच मिस्त्री सांगतात. ८५.५ मिमी बोअरचे गॅस्केट १ मिमीने जाड केले की जवळपास ५.७ सीसी मिळतात, म्हणजे हिशोब जुळतो. पण पिस्टन वर आल्यावर त्याची कड आणि हेड यांच्यामधली फट दुपटीने वाढते, मिश्रण कडेला दाबून मध्ये फेकण्याची क्रिया मरते आणि कॉम्प्रेशन कमी करूनही ठोके (मिश्रण आपोआप पेटून बसणारे धक्के) येतात. त्यापेक्षा पिस्टनचा माथा खोलगट करून घ्या किंवा खोलगट माथ्याचे पिस्टन शोधा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हे काम अचूक करणारे लेथ आणि मिलिंगवाले तुमच्या दारातच आहेत. माथ्याची उरलेली जाडी मात्र आधी मोजून घ्या आणि चारही पिस्टनांचे वजन एक-दोन ग्रॅमच्या आत जुळवा.

रिंगा नव्या घालणार असाल तर वरच्या रिंगची फट ८४ मिमी बोअरला ०.४० ते ०.४५ मिमी ठेवा. नेहमीच्या इंजिनाला ठेवतात तेवढी कमी ठेवली तर बूस्टच्या उष्णतेने रिंगची टोके एकमेकांना भिडतात, रिंग अडकते आणि पिस्टनची रिंगेवरची कडा तुटते. लोक दोष टर्बोला देतात.

हेड आणि ब्लॉकचा पृष्ठभाग ०.०५ मिमीच्या आत सपाट हवा. स्टीलच्या थरांचे गॅस्केट घालणार असाल तर पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत लागतो. तशी फेसिंग मिळणार नसेल तर चांगले कंपोझिट गॅस्केट ०.५ बारला पुरते. हेडचे बोल्ट नवे घ्या.

टर्बो कुठला

डिझेलच्या टर्बोला नाही म्हणण्याची तीन कारणे. पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट पूर्ण ताकदीवर ९०० ते ९५० अंशांपर्यंत जातो. डिझेलच्या टर्बाइनचे बीड साधारण ७५०-८०० अंशांसाठी ओतलेले असते. ते तडकते, आणि तडा नेमका वेस्टगेटच्या (जादा एक्झॉस्ट बाजूने सोडून बूस्ट आवरणाऱ्या झडपेच्या) जागेवर पडतो. दुसरे, अनेक डिझेल टर्बोंत मधल्या भागाला पाण्याची सोय नसते. इंजिन बंद केल्यावर तिथले तेल जळून त्याचा कोळसा होतो. तिसरे, एसयूव्हीवरचे बरेच टर्बो हलत्या पात्यांचे असतात. ती पाती चालवायला वेगळी यंत्रणा लागते आणि पेट्रोलच्या उष्णतेत ती जाम होतात.

तुम्हाला मिनिटाला ५.५ किलो हवा देणारा, पाण्याने थंड होणारा पेट्रोलचा टर्बो हवा. आपल्याकडे विकल्या गेलेल्या गाड्यांत सर्वांत जवळचे उदाहरण फियाट लिनिया टी-जेट: १३६८ सीसी, ११४ पीएस. म्हणजे तिच्या टर्बोतून जाणारी हवा जवळपास तुमच्याएवढीच. त्या आकाराचा, किंवा मित्सुबिशीच्या टीडी०३-टीडी०४ वर्गातला छोटा टर्बो बघा. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना घेताना शाफ्ट बोटाने हलवून बघा. आडवा किंचित हलणे तेलाच्या बेअरिंगमध्ये स्वाभाविक असते. पुढे-मागे हलणे मुळीच जाणवता कामा नये. कॉम्प्रेसरची पाती घराला घासल्याच्या खुणा असतील तर सोडून द्या. आणि टर्बाइनचा भाग मॅनिफोल्डसकट एकत्र ओतलेला नाही ना, तेही बघा, नाहीतर तो तुमच्या हेडला जोडताच येणार नाही.

मॅनिफोल्ड आणि तेल: घरी बहुतेक चुका इथे होतात

आधी पुठ्ठ्याचा आणि पीव्हीसी पाइपचा नमुना करा. टर्बो कुठेही दिसायला छान बसला तरी ब्रेकचा मास्टर सिलिंडर, पेट्रोलची नळी, स्टिअरिंगचा भाग आणि वायरिंग यांपासून निदान ५० मिमी दूर हवा, आणि मध्ये पत्र्याचे उष्णतारोधक कवच हवे. ब्रेक ऑइल उकळले की पेडल थेट तळाला जातो.

मॅनिफोल्डला पातळ सायलेन्सरचा पाइप वापरू नका. शेड्यूल ४० चे (जाड भिंतीचे) एमएस म्हणजे साध्या पोलादाचे बेंड, १२ मिमी जाड फ्लँज (हेडला बसणारी प्लेट). वेल्डिंगच्या वेळी फ्लँज जुन्या हेडला किंवा जाड प्लेटला बोल्टने घट्ट बांधा, थोडे-थोडे आलटून-पालटून वेल्ड करा, पूर्ण थंड झाल्यावरच काढा. तरीही ती वाकतेच, म्हणून शेवटी सरफेस ग्राइंडिंग करून घ्या. टोकाच्या स्टडची छिद्रे एक-दीड मिमी लांबट ठेवा. गरम झाल्यावर मॅनिफोल्ड लांबीत वाढतो. वाढायला जागा नसेल तर स्टड तुटतात. टर्बोचे वजन एकट्या मॅनिफोल्डवर न टाकता ब्लॉकवरून एक आधाराची पट्टी द्या. कोल्हापुरात फाउंड्री हाताशी आहे, म्हणून एसजी आयर्नमध्ये (चिवट ओतीव लोखंडात) ओतून घेण्याचा मोह होईल. एका गाडीसाठी पॅटर्नचा खर्च परवडत नाही. दोघे-चौघे काँटेसावाले एकत्र आले तर जरूर करा, ओतीव मॅनिफोल्ड वेल्ड केलेल्यापेक्षा जास्त टिकतो.

तेल आत नेण्यासाठी ऑइल प्रेशर स्विचच्या जागेवरून टी काढा आणि स्टील जाळीची नळी वापरा. तेल बाहेर नेण्याची नळी जास्त महत्त्वाची. ती आतून निदान १६ मिमी, शक्य तितकी सरळ खाली, आणि चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडणारी हवी. टर्बोतून निघणारे तेल फेसाळ असते, दाबाने नव्हे तर केवळ उताराने वाहते. नळी बारीक असेल, मध्ये लोंबली असेल किंवा तेलात बुडाली असेल तर तेल टर्बोत तुंबते, सीलवरून एक्झॉस्टमध्ये जाते आणि निळा धूर येतो. अशा वेळी चांगला टर्बो काढून दुसरा बसवला जातो आणि तोही धूर काढतो. ब्लॉकच्या ब्रीदरचेही (आतला वायू बाहेर सोडणाऱ्या तोंडाचेही) तसेच: जाड नळी, कॅच कॅन (तेल अडवणारा डबा), आणि इनटेक मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या पीसीव्हीच्या (तोच वायू इंजिनात परत ओढणाऱ्या नळीच्या) वाटेवर एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह, नाहीतर बूस्ट थेट तेलाच्या चेंबरमध्ये शिरेल. ब्रेक सर्व्होची व्हॅक्यूम नळीही त्याच मॅनिफोल्डवर असते. तिचा चेक व्हॉल्व्ह नवा घाला.

टर्बोनंतरचा पाइप ५७ ते ६३ मिमी, त्यात एक लवचीक बेलो. इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे, पण रेडिएटर अख्खा झाकेल एवढा मोठा नको. इथे मोठेपणाची हौस इंजिन तापवते.

कार्ब्युरेटर का काढायचा

कार्ब्युरेटरमधून बूस्ट फुंकता येतो. त्यासाठी त्याची प्रत्येक फट सील करावी लागते, फ्लोट बाउलला बूस्टचा दाब द्यावा लागतो, आणि पेट्रोलचा दाब बूस्टच्या वर ठरावीक फरकाने चढता ठेवावा लागतो. जमते, पण मिश्रण दर ऋतूत बदलते. त्यात आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) मिळते. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते; ई२० ला सुमारे १३.५. म्हणजे जुन्या जेटवर गाडी आधीच लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालते आहे, आणि बूस्टमध्ये लीन मिश्रण म्हणजे वितळलेला पिस्टन. जुने रबरी डायफ्राम आणि नळ्याही इथेनॉलने खराब होतात.

म्हणून मूळ इनटेक मॅनिफोल्डसारखाच दुसरा घेऊन त्यावर इंजेक्टर आणि थ्रॉटल बॉडी बसवा. १२० बीएचपीला ई२० धरून प्रत्येकी २७० ते ३०० सीसी प्रति मिनिट क्षमतेचे चार इंजेक्टर पुरतात, ३ बार रेल दाबावर, रेग्युलेटरला मॅनिफोल्डची नळी जोडलेली. पेट्रोल तासाला पन्नास लिटरच्या आसपास लागते, तेव्हा ३.५ बारवर १०० लिटर देणारा पंप आरामात चालेल. टाकी आतून गंजलेली असणार, ती साफ करून घ्या. पंपाआधी जाळीचा आणि पंपानंतर बारीक फिल्टर, दीड-दोन लिटरचा छोटा साठवण डबा म्हणजे वळणावर पंप हवा ओढणार नाही, आणि टाकीत परत जाणारी नळी. सगळ्या नळ्या इंजेक्शनच्या दाबाच्या आणि इथेनॉल सोसणाऱ्या. कार्ब्युरेटरची नळी क्लिप आवळून ३ बारला वापरणे म्हणजे आगीला आमंत्रण.

ईसीयू म्हणून मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनो यांतला कोणताही घ्या. दोन्हींची माहिती भरपूर मिळते. क्रँक पुलीवर ३६ दातांतला एक गाळलेले चक्र, सेन्सरची फट ०.८ ते १ मिमी, वेस्टेड स्पार्क (दोन सिलिंडरना एकदम ठिणगी देणारी) कॉइल. २.५ बारपर्यंत वाचणारा मॅप (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) सेन्सर. हवेच्या तापमानाचा सेन्सर इंटरकूलरनंतर. वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टवरून मिश्रणाचे प्रमाण सांगणारा) हा पैसे वाचवण्याचा भाग नव्हे. तो नसेल तर ट्यूनिंग म्हणजे अंदाजपंचे. त्याचा आकडा लॅम्ब्डात (१ म्हणजे नेमके मिश्रण, त्याखाली पेट्रोल जास्त) वाचा, हवा-पेट्रोल गुणोत्तरात नको, म्हणजे पेट्रोलमध्ये इथेनॉल किती याची भानगड उरत नाही. क्रूझला १.०, पूर्ण बूस्टला ०.८० ते ०.८२.

स्पार्कच्या बाबतीत सुरुवातीला टायमिंग मागेच ठेवा. ठोकळ नियम असा की ०.०७ बार बूस्टमागे एक ते दीड अंश टायमिंग मागे. ०.५ बारला सात ते दहा अंश. ४,००० आरपीएमला पूर्ण बूस्टवर १८ अंशांपासून सुरुवात करा. प्लग एक श्रेणी थंड, फट ०.६५ मिमी, जास्त फट असेल तर दाबलेल्या हवेत स्पार्क विझतो आणि लोक कॉइल बदलत बसतात.

ठोक्यांबद्दल थोडे थांबून सांगतो, कारण टर्बो इंजिने सर्वांत जास्त यानेच मरतात. प्लगने पेटवलेली ज्योत पसरत असताना कोपऱ्यातले उरलेले मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप पेटते. त्याचा धक्का पिस्टनच्या माथ्यावर चिकटलेला थंड वायूचा पातळ थर उडवून लावतो, आणि अॅल्युमिनियम थेट ज्वाळेला सापडते. साध्या इंजिनात हलके ठोके तासभर सोसले जातात. बूस्टमध्ये काही सेकंदांत काम होते. शिवाय टर्बोच्या आणि हवेच्या आवाजात ते कानाला ऐकू येत नाहीत. ब्लॉकला तांब्याची नळी बोल्टने आवळून त्याला रबरी नळी आणि कानाला लावायचे इअरमफ जोडा. ओबडधोबड जुगाड आहे, पण खडखड स्पष्ट कळते. प्लग काढून बघायचीही सवय ठेवा: पांढऱ्या चिनी मातीवर मिरीसारखे काळे ठिपके किंवा चमकते कण दिसले तर ते पिस्टनचे अॅल्युमिनियम आहे. त्या दिवशी बूस्ट बंद.

बाकीची गाडी

ब्रेक टर्बोच्या आधी, नंतर नाही. पुढचे पॅड, मागचे व्हील सिलिंडर, सगळ्या रबरी नळ्या, डॉट ४ तेल. टायर पाच वर्षांपेक्षा जुने असतील तर तेही. टॉर्क ३५-४० टक्के वाढतो, त्यामुळे जुनी क्लच प्लेट चौथ्या गिअरमध्ये घसरणारच. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग एकदम बदला. रेडिएटरचा कोर नव्याने बांधून घ्या, पंख्याला घट्ट बसणारे आवरण करा. आंबा घाटात दुसऱ्या गिअरमध्ये चढताना हवेचा वेग कमी आणि बूस्ट जास्त, म्हणजे खरी परीक्षा तिथे. अल्टरनेटरवरचा भार जोडून बघा: पंप ८ अँपिअर, पंखे २०, ईसीयू-कॉइल-इंजेक्टर १० ते १२, दिवे १०. पन्नासच्या घरात जातो. त्यावर लिहिलेली क्षमता त्याहून कमी असेल तर बदला.

चालू करण्याचा क्रम

सुरुवातीचे काम टर्बोशिवाय. आधी मूळ एक्झॉस्टवरच इंजेक्शन आणि ईसीयू बसवून गाडी नीट चालवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कोणाचा हे कधीच कळत नाही. महिनाभर ती रोजच्या वापरात न कुरकुरता सुरू झाली की मग टर्बो. टर्बो बसवल्यावर प्लग काढून, पेट्रोल बंद ठेवून, तेलाचा दाब दिसेपर्यंत स्टार्टर फिरवा; टर्बोचा तेलाचा जोड सैल करून तिथून तेल येते ना बघा. कोरड्या बेअरिंगवर टर्बो एकदा फिरला तरी तो गेला.

मग वेस्टगेटच्या स्प्रिंगवरच, ०.३ ते ०.४ बारला, ट्यून करा. अॅक्ट्युएटरकडे जाणाऱ्या बारीक नळीच्या दोन्ही टोकांना क्लिप लावा. ती निसटली तर वेस्टगेट उघडतच नाही आणि बूस्ट वर वर चढत जातो. ईसीयूमध्ये ०.७ बारला पेट्रोल तोडण्याची मर्यादा पहिल्याच दिवशी घाला. सरळ, मोकळ्या, खासगी जागेत किंवा डायनोवर (गाडी जागेवर ठेवून ताकद मोजणाऱ्या रोलरवर), दुसऱ्या माणसाने लॅपटॉप धरलेला. चालवणाऱ्याने स्क्रीन बघायची नाही. तिसऱ्या गिअरमध्ये २,५०० पासून ओढा, लॅम्ब्डा ०.८५ च्या वर गेला की लगेच पाय काढा, पेट्रोल वाढवा, परत ओढा. पेट्रोल बसल्यावरच टायमिंगला हात लावा, एकेक अंशाने. वरच्या आरपीएमला बूस्ट आपोआप चढत असेल तर वेस्टगेटचे भोक लहान पडते आहे. ते मोठे करून घ्या, सॉफ्टवेअरने तो रोग बरा होत नाही.

पहिले तेल ५०० किमीला, नंतर दर ५,००० ला. चांगले सिंथेटिक, आणि फिल्टर प्रत्येक वेळी. जोरात चालवल्यावर मिनिटभर आयडलला ठेवून मग बंद करा. ५०० किमीनंतर मॅनिफोल्डचे नट, क्लिपा, तेलाचे जोड पुन्हा आवळा.

खर्चाचे विचारले आहे. टर्बो हा एकूण खर्चातला छोटा वाटा आहे. ईसीयू-वायरिंग, मशीन शॉप आणि क्लच-ब्रेक-रेडिएटर हे तीन वाटे प्रत्येकी त्याच्याहून मोठे होतात. म्हणून विकत घेण्याचा क्रम उलटा ठेवा: टर्बो सर्वांत शेवटी.

आत्ता पहिले काम कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन. चारही सिलिंडरचे आकडे आणि गरम तेलाचा दाब कळवा. हेड काढायची वेळ आली तर बुरेटचे मोजमापही द्या. ते बघून पिस्टनचा माथा किती खोल करायचा हे नेमके सांगता येईल.